बेदाणा शेडमधले वायरलेस सेन्सर: किती, कुठे आणि त्यांचं ऐकायचं किती

कवठेमहांकाळकडच्या एका बागायतदारांनी विचारलंय: दहा टन द्राक्षं मावतील अशी दहा कप्प्यांची शेड आहे, वर पत्रा, बाजूंना हिरवी शेडनेट. गेल्या हंगामात मार्च-अखेरच्या पावसात शेवटचा लॉट चिकट झाला, रंग गेला, दर पडला. यंदा तापमान-आर्द्रतेचे वायरलेस सेन्सर बसवायचेत. किती लागतील, कुठे लावायचे, कुठल्या जातीचे घ्यायचे आणि मोबाईलवर आकडा बघून माल कधी झाडायचा, म्हणजे जाळीवरून कधी उतरवायचा, ते कळेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण लोक पैसे त्याच आशेवर घालतात. नाही कळणार. जाळीजवळ टांगलेला सेन्सर त्याच्याभोवतीची हवा मोजतो. मण्यात किती पाणी उरलंय हे त्याला ठाऊक नसतं. नागज-जुनोनी पट्ट्यात मी सेन्सर लावायला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं मीही शेडमालकांना हाच गैरसमज विकत होतो, असं म्हटलं तरी चालेल. आर्द्रता तीस टक्के दाखवतेय म्हणजे माल वाळला, असं सांगायचो. एप्रिलच्या दुपारी ताज्या घडांच्या शेडमध्येही तीस टक्के दिसू शकतं, हे एका अनुभवी मुकादमाने मूठभर मणी हातावर दाबून मला दाखवलं.

मग सेन्सर लावायचेच कशाला? दोन कामांसाठी. एक, हवा माल वाळवतेय की भिजवतेय हे रात्री-अपरात्री कळायला. दुसरं, शेडच्या कुठल्या कोपऱ्यात वाळवण अडकलंय ते दिसायला. माल कधी झाडायचा यासाठी वेगळी सोय आहे, तिच्याकडे येतोच.

आधी पाण्याचा हिशोब डोक्यात ठेवा. चार किलो द्राक्षांना साधारण एक किलो बेदाणा धरला, तर तुमच्या दहा टनांतून साडेसात टन पाणी उडून जायला हवं. साडेसात हजार लिटर, म्हणजे टँकर भरून. हे सगळं बारा-पंधरा दिवसांत नुसत्या वाऱ्याने न्यायचं असतं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलचं द्रावण (आपल्याकडे लिटरला २५ ग्रॅम आणि १५ मिली हे नेहमीचं प्रमाण) मण्यावरच्या मेणाच्या थरातून पाण्याला वाट करून देतं, म्हणूनच ते इतक्या दिवसांत जमतं. ऑस्ट्रेलियातल्या मिल्डुरा भागातही असंच द्रावण आणि अशाच जाळीच्या रॅक वापरत आलेत. पण मण्याबाहेर आलेलं पाणी उचलायचं काम हवेचंच.

आता आर्द्रतेच्या टक्क्यांची गंमत बघा. दुपारी ३६ अंशांना २५ टक्के दाखवणारी हवा, तिच्यात पाण्याचा एक थेंबही न वाढता, पहाटे १८ अंशांवर उतरली की सत्तरीच्या वर दाखवते. हवा तीच, पाणी तेवढंच. म्हणून नुसते टक्के बघून घाबरू नका किंवा खूशही होऊ नका. तापमान आणि टक्के दोन्ही घेऊन घनमीटरला किती ग्रॅम बाष्प आहे ते काढायचं. बहुतेक ॲप हा आकडा दाखवतात, नाहीतर साध्या एक्सेल शीटमध्ये सूत्र बसतं. ३६ अंश आणि २० टक्क्यांना एक घनमीटर हवेत आणखी ३३ ग्रॅम बाष्प मावतं. २० अंश आणि ८० टक्क्यांना साडेतीनच ग्रॅम. दिवस आणि रात्र यांच्यात जवळपास दहापटीचा फरक आहे, आणि वाळवणाचा बहुतेक पल्ला सकाळी दहा ते संध्याकाळी सहा यातच का पडतो ते यात आलं.

या हिशोबाचा शेडमध्ये उपयोग असा: आतल्या हवेतलं बाष्प वजा बाहेरच्या हवेतलं बाष्प. ही वजाबाकी म्हणजे तुमच्या मालातून निघणारं पाणी. पहिले तीन-चार दिवस ती ठसठशीत असते आणि आतलं तापमानही भर दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षा काही अंशांनी कमी असतं, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. पुढे फरक घटत जातो. सहाव्या दिवशीच फरक शून्यावर आला तर समजायचं की सेन्सर भलत्या जागी आहे किंवा वारा एका बाजूने निघून जातोय. आणि दहाव्या दिवशीही खालच्या मधल्या कप्प्यात फरक मोठा असेल, तर तिथला माल अजून कच्चा आहे, वरचा कितीही खुळखुळू दे.

म्हणून बाहेरचा सेन्सर हवाच. तो टाळून आत सहा लावणारे मी पाहिलेत. एक बाहेर आणि आत तीन, एवढ्यात दहा टनांच्या शेडचं भागतं. आतला पहिला खालून दुसऱ्या कप्प्याच्या मधोमध, लांबीच्याही मध्यावर. ही शेडमधली सगळ्यात सुस्त जागा. दुसरा मधल्या कप्प्यावर, वारा येतो त्या बाजूच्या टोकापासून तीन-चार फूट आत. तिसरा सगळ्यात वरच्या कप्प्याखाली. पत्र्याला चिकटून लावला तर तो पत्र्याचा ताप मोजतो आणि तुम्हाला पन्नास अंशांच्या गोष्टी सांगतो. बाहेरचा माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीत, भिंतीपासून दूर, आणि त्याच्यावर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ताटल्यांची उतरंड: चार-पाच ताटल्या उपड्या, मधल्यांना मध्ये भोक पाडून, बोटभर अंतराने लांब स्क्रूवर ओवलेल्या. हवामान खात्याच्या झडपांच्या पेटीमागचं तत्त्वच हे, वारा लागावा आणि ऊन लागू नये.

जात कुठली? डीएचटी-११ घेऊ नका, त्याची आर्द्रतेतली चूक पाच टक्क्यांपर्यंत धरलेली असते आणि आपल्याला पाच टक्क्यांवरच निर्णय घ्यायचे असतात. डीएचटी-२२ चालतो, पण दमट हवेत जास्त दिवस राहिला की सुस्तावतो. मी गेली काही वर्षं एसएचटी-३१ वापरतो: दोन टक्क्यांच्या आत अचूक, आणि वर बारीक छिद्रांची पांढरी टोपी असलेला मिळतो. ती टोपी आपल्या शेडमध्ये चैनीची गोष्ट नाही. का ते ऐका.

माल टाकल्यावर जाळीवर डिपिंगच्या द्रावणाचे हलके फवारे मारतात, तेव्हा ते तुषार सेन्सरवरही बसतात. पोटॅशियम कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेणारं मीठ आहे. त्याचा पापुद्रा सेन्सरवर बसला की सेन्सर खोलीची हवा सोडून त्या पापुद्र्याचाच ओलावा मोजत बसतो. एका शेडमध्ये माझा सेन्सर दुपार असो की पहाट, चाळीस-पंचेचाळीसच्या आसपासच घुटमळायचा. मी बॅटरी बदलली, प्रोग्रॅम बदलला, शेवटी भिंगातून पाहिलं तर पांढरी खपली. या मिठाचं संपृक्त द्रावण आपल्याभोवतीची आर्द्रता ४३ टक्क्यांवर धरून ठेवतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण तेव्हा आठवलं नाही. तेव्हापासून फवारणीच्या दिवशी सेन्सरवर प्लॅस्टिकची पिशवी आणि फवारा संपून तास झाला की पिशवी काढायची. काढायची आठवण फोनमध्ये लावा, नाहीतर पिशवीतली हवा मोजत तीन दिवस जातात. हेही झालेलं आहे.

गंधकाची धुरी देणार असाल तर सेन्सर शेडमधून बाहेरच न्या. पिशवीवर भागत नाही. गंधक जळून होणारा वायू ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करतो आणि ते तांब्याचे जोड खातं. माझे चार सेन्सर एका रात्रीत गेले, आणि चूक सर्वस्वी माझी होती.

नवीन सेन्सरही डोळे झाकून लावू नका. हंगामाआधी सगळे एकाच डब्यात घालून तपासायचे. घट्ट झाकणाचा डबा घ्या, तळाशी वाटीत मीठ आणि थोडं पाणी कालवून दाट लगदा ठेवा. पाणी वर तरंगायला नको, मीठ ओलं दिसायला हवं. त्यावर सेन्सर टांगा, झाकण लावून रात्रभर सावलीत ठेवा. मिठाच्या अशा लगद्यावरची हवा आपल्या खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. कुणी ७१ दाखवेल, कुणी ७८. तेवढी बेरीज-वजाबाकी त्याच्या नावासमोर लिहून ठेवा. शेडमध्ये आपण सेन्सर एकमेकांशी ताडतो, तेव्हा ते आपसात खोटे बोलत नाहीत ना एवढं पाहणं फार गरजेचं.

वायरलेसमध्ये लोक वायफायकडे धावतात, कारण ईएसपी-३२ चा (वायफाय असलेला छोटा) बोर्ड स्वस्त आणि घरचा राउटर आहेच. दोन अडचणी येतात. पहिली, दहा टन ओली द्राक्षं म्हणजे पाण्याची भिंत, आणि वायफायची लहर पाण्यात शोषली जाते. वरून पत्रा, मधून तारा. रिकाम्या शेडमध्ये चाचणी घेतली की सगळं झकास चालतं आणि माल भरल्यावर खालच्या कप्प्यातला सेन्सर गप्प होतो. तो दहाव्या दिवशी परत बोलायला लागतो, मणी सुकून पाणी गेलेलं असतं ना! एका शेडमालकाने मला गमतीने सांगितलं, हाच तुमचा खरा ओलावा-मीटर. दुसरी अडचण लोडशेडिंगची. लाइट गेली की राउटर बंद, आणि सेन्सर बिचारा दर वेळी जागा होऊन राउटर शोधत बसतो, त्यात बॅटरी संपते. म्हणून लोरा घ्या, म्हणजे कमी बॅटरीत लांब पोचणारी रेडिओ पद्धत. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी परवान्याशिवाय खुला आहे. ही लहर लांब जाते, ओल्या मालातूनही बरीच निभावते, आणि दर पंधरा मिनिटांनी एक आकडा पाठवायला दोन साध्या पेन्सिल सेलवर अख्खा हंगाम निघतो. गेटवे (सेन्सरचे आकडे गोळा करून इंटरनेटवर पाठवणारा डबा) शेडच्या बाहेर, पत्र्याच्या वर निघेल अशा पाइपावर, मोटरसायकलच्या १२ व्होल्ट बॅटरीवर आणि सिमकार्डावर चालवा. अँटेना सगळ्या उभ्या ठेवा, एक उभी एक आडवी असली तर बरीचशी ताकद तिथेच जाते. पाच-पाच मिनिटांनी आकडे मागू नका, हवा इतकी झपाट्याने बदलत नाही आणि तुम्हीही बघणार नाही.

आता धोक्याचा इशारा किती टक्क्यांवर लावायचा? सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कंपनीचं ॲप एकच आकडा मागतं, लोक सत्तर टाकतात आणि बारा दिवस तोच ठेवतात. पहिल्या दिवशीचा मणी जवळपास पाणीच आहे. बावीस ब्रिक्सचा (रसात शंभरात बावीस भाग साखर असलेला) मणी सत्त्याण्णव टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोलात असतो, म्हणजे ऐंशी टक्क्यांची हवासुद्धा त्याच्यातून पाणी ओढते, हळू का होईना. तेव्हा रात्री शेड बंद करून ठेवणं म्हणजे आपलंच बाष्प आत कोंडणं, आणि कोंडलं की कूज आणि बुरशी. पहिल्या चार-पाच दिवसांत इशारा नव्वदीवर ठेवा आणि बाजू उघड्या ठेवा, पाऊस येत असेल तरच ताडपत्री. पुढे मणी सुकत गेला की त्याचा समतोलाचा आकडा खाली घसरतो. पंधरा टक्के ओलाव्याचा बेदाणा साधारण ५५ ते ६० टक्क्यांच्या हवेशी समतोलात असतो. म्हणजे शेवटच्या चार दिवसांत पहाटेची सत्तर टक्क्यांची हवा तुमच्या तयार मालात पाणी परत भरते. वरवर चिकटपणा येतो तो इथूनच, पाऊस न पडताही. तेव्हा इशारा साठवर आणा, सूर्य मावळला की बाजू खाली सोडा, आणि सकाळी बाहेरचा आकडा साठच्या खाली उतरल्याशिवाय उघडू नका. मला वाटतं तुमच्या गेल्या वर्षीच्या लॉटचं नुकसान पावसाच्या दिवसापेक्षा पावसानंतरच्या दोन रात्रींत जास्त झालं असावं. पाऊस थांबला म्हणून ताडपत्री वर केली असेल आणि ओल्या जमिनीवरून उठणारी वाफ रात्रभर आत येत राहिली असेल.

दवबिंदूसाठी (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव धरतं, तो आकडा) एक तोंडी हिशोब: शंभरातून आर्द्रतेचे टक्के वजा करा, पाचाने भागा, आणि तो आकडा तापमानातून वजा करा. २२ अंश आणि ८५ टक्के असतील तर तीन वजा, दवबिंदू १९. पन्नास टक्क्यांच्या वर हा हिशोब कामापुरता बरोबर येतो. रात्री गार पडलेला माल दवबिंदूच्या खाली असेल आणि सकाळची दमट हवा आत घेतली, तर मण्यावर पाणी धरणारच, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखं.

पावसाची आगाऊ सूचना सेन्सरकडून मिळेल का, असंही बरेच जण विचारतात, कारण बीएमई-२८० या सेन्सरमध्ये हवेचा दाबही मोजता येतो. मी एकदा दाब उतरला की फोन वाजेल असं लावून दिलं. फोन रोज दुपारी चारच्या सुमारास वाजायला लागला, आकाश निरभ्र! आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी दहाला वर, दुपारी चारला खाली, तीन-चार मिलिबारचा झोका. अवकाळीच्या आधीची घट बऱ्याचदा त्या झोक्यातच बुडून जाते. त्यापेक्षा बाहेरच्या सेन्सरचं तापमान दहा-पंधरा मिनिटांत चार-पाच अंश घसरलं आणि आर्द्रता उसळली, की तो वादळाचा गार झोत असतो, पाऊस फार लांब नाही. हाती अर्धा तासही मिळत नाही, पण मजूर शेडवरच असतील तर ताडपत्री पडते. त्याआधीची चाहूल हवी तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप विजा कुठे पडतायत ते दाखवतं. मी मार्च-एप्रिलमध्ये आपल्या सेन्सरपेक्षा तेच जास्त वेळा बघतो.

आता राहिलं, माल कधी झाडायचा. यासाठी वजन करा. एक वीस किलोचा लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर), त्याचा आकडा वाचायला एचएक्स-७११ ची पट्टी, आणि तोच लोराचा बोर्ड. खालून दुसऱ्या कप्प्यात, त्या सुस्त जागीच, जाळीचा एक तुकडा चौकटीला बांधून लोडसेलवर टांगा आणि त्यावर त्याच लॉटचे बरोबर दहा किलो घड, बाकीच्या जाळीवर जितक्या जाडीने पसरलेत तितक्याच जाडीने. चौकटीचं वजन आधी वजा करून ठेवा. डिपिंगचं पाणी निथळल्यावरचं वजन पहिलं धरा. रसाचा ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरने (रसाची गोडी मोजायच्या उपकरणाने) बघा. समजा २२ आला, तर दहा किलोत दोन किलो दोनशे ग्रॅम घन भाग. तो कुठे उडून जात नाही. पंधरा टक्के ओलाव्याला हा घन भाग एकूण वजनाच्या पंच्याऐंशी टक्के होतो, म्हणजे २.२ भागिले ०.८५, साधारण २.६ किलो. काटा तिथे आला की माल तयार. वीस ब्रिक्सला हेच २.३५ वर येतं, म्हणून कमी गोडीच्या मालाला उतारा कमी पडतो. साल आणि देठ या हिशोबात नीट धरलेले नाहीत, पहिल्या लॉटला शे-दोनशे ग्रॅमचा फरक पडेल. पहिला लॉट प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि पुढच्या लॉटला तेवढी दुरुस्ती लावा. रात्रीच्या नोंदी घ्या, दुपारी वाऱ्याने चौकट हलते आणि काटा नाचतो. या आलेखाचा आणखी एक फायदा असा की रात्री वजन वाढलेलं दिसलं, तर माल भिजतोय हे वेगळं विचारावंच लागत नाही.

झाडण्याआधी एक बरणीची चाचणी करा. खालच्या-मधल्या कप्प्यातले बेदाणे काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा, वर पातळ कापडात गुंडाळलेला एक सेन्सर, घट्ट झाकण, घरात सावलीत एक दिवस. मण्याच्या आतलं आणि सालीजवळचं पाणी सारखं व्हायला तेवढा वेळ लागतोच, दोन तासांत दिसणारा आकडा फसवा. ५५ ते ६० च्या दरम्यान थांबला तर झाडा. पासष्टच्या वर गेला तर आणखी दोन दुपारी ठेवा. साठच्या खाली बुरशीला वाढता येत नाही, म्हणून हा आकडा वजनापेक्षाही खात्रीचा. ही युक्ती माझी नाही. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, तिथली माणसं सुकवलेली फुलं बरणीत घालून आत छोटा आर्द्रतामापक ठेवतात आणि साठच्या आसपास आणतात. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेने त्या फुलांसाठी ठेवलेली मर्यादाही ०.५५ ते ०.६५ आहे, आपल्या भाषेत ५५ ते ६५ टक्के. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने ते पीक बंद, पण बरणीवर बंदी नाही.

मातीत खुपसायचा ओलावा-सेन्सर बेदाण्याच्या ढिगात खुपसून पाहायचा विचार असेल तर सोडून द्या. साखरेच्या पाकात तो काय मोजतो ते त्यालाच माहीत. आणि घरच्या ओव्हनमध्ये बेदाणा वाळवून ओलावा काढू नका, साखर करपते आणि वजन भलतंच घटतं.

खर्चाला कात्री लावायचीच असेल तर या क्रमाने लावा: आधी वरच्या कप्प्यातला सेन्सर गाळा, मग वारा येतो त्या टोकाचा. बाहेरचा, खालचा-मधला आणि लोडसेल एवढे तीन राहू द्या. मिठाचा डबा डिसेंबरातच करून ठेवा, फेब्रुवारीत घड शेडवर आले की कुणाला सवड नसते.